खर्च दोघांचा, मालकी कोणाची?

गेल्या महिन्यात बंगळूरुहून मुलीचा दूरध्वनी आला. ती आणि तिचा होणारा नवरा दोघेही नोकरी करतात. विवाहाला अजून चार महिने आहेत. एकत्र संसार सुरू झाल्यावर घरखर्चाची वाटणी कशी करायची याचा तक्ता दोघांनी मिळून तयार केला होता. ‘बाबा, तुमचा जन्म आकडेमोडीत गेला, यावर एकदा नजर टाका,’ असे तिचे म्हणणे होते. तक्ता नीटनेटका होता. त्याचा पगार तिच्या पगाराच्या दीडपट, म्हणून खर्चाची वाटणीही साठ-चाळीस या प्रमाणात केलेली. किराणा, वीज, स्वयंपाकाच्या बाईंचा पगार, मोटारीचे इंधन, दोन्हीकडच्या आईवडिलांसाठी तरतूद, सारे काही त्यात होते. सोयीसाठी बाबी वाटून घेतल्या होत्या. सदनिका त्याने गेल्या वर्षीच स्वत:च्या नावे घेतली असल्याने गृहकर्जाचा हप्ता त्याच्या खात्यातून जाणार होता. बाकीचा बहुतेक घरखर्च तिच्या खात्यातून. बेरीज केली की साठ-चाळीसचे प्रमाण तंतोतंत जुळत होते.

मी तिला लगेच उत्तर दिले नाही. नेमका असाच तक्ता मी आणि माझ्या पत्नीने चौतीस वर्षांपूर्वी दिल्लीत, एका वहीत मांडला होता. त्याचा शेवट कुठे होतो, हे मला गेल्याच वर्षी उमगले होते.

निवृत्तीनंतर मृत्युपत्र करावे म्हणून आम्ही दोघे वकिलांकडे गेलो होतो. त्यांनी आधी दोघांच्या मालमत्तेची स्वतंत्र यादी मागितली. पत्नीने एकतीस वर्षे शाळेत शिकवले. तिचा पगार माझ्याहून कमी असला तरी नगण्य कधीच नव्हता. त्यातून महिन्याचा किराणा, दोन्ही मुलांची शाळेची फी, कपडेलत्ते, औषधपाणी आणि सणवार झाले. माझ्या पगारातून गृहकर्ज फेडले गेले आणि उरलेल्या रकमेची गुंतवणूक झाली. यादी पूर्ण झाली तेव्हा माझ्या बाजूला सदनिका होती, म्युच्युअल फंड होते, रोखे होते. तिच्या बाजूला भविष्य निर्वाह निधीची रक्कम, दोन मुदत ठेवी आणि दागिने. ‘घरात मॅडमचा वाटा किती?’ असे वकिलांनी विचारले. ‘निम्मा,’ मी म्हणालो. ‘कागदावर?’ त्यांनी पुन्हा विचारले. कागदावर तो शून्य होता.

यात कोणी कोणाला फसवले नव्हते. वाटणी दोघांच्या संमतीने झाली होती आणि तीन दशके ती आम्हाला न्याय्यच वाटत होती. घरी परतताना पत्नी एवढेच म्हणाली, ‘मी जे विकत घेतले ते खाऊन, घालून, शिकून संपले. तुम्ही जे घेतले ते शिल्लक राहिले.’ तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते मला अधिक लागले.

पती-पत्नींमधील आर्थिक समतेविषयी आपल्याकडे जी चर्चा चालते, ती बहुधा ‘खर्च कोणी किती करावा’ या प्रश्नाभोवती फिरते. माझ्या मते हा प्रश्न दुय्यम आहे. खर्चाची वाटणी कितीही काटेकोर केली, तरी एकाचा पैसा उपभोगात आणि दुसऱ्याचा मालमत्तेत जात असेल, तर वर्षागणिक विषमता वाढतच राहते. आणि गोव्याचा अपवाद वगळता, या देशातील कायदा त्या विषमतेकडे पाहतही नाही.

कमाई वाढली, काम घटले नाही

प्रथम देशाचे चित्र पाहू. श्रमशक्तीच्या नियतकालिक सर्वेक्षणानुसार १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमशक्तीतील सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता. २०२३-२४ मध्ये तो ४१.७ टक्क्यांवर गेला. ही वाढ स्वागतार्ह आहे, पण तिचा अर्थ सावधपणे लावायला हवा. २०२३-२४ मध्ये काम करणाऱ्या स्त्रियांपैकी एक तृतीयांशाहून अधिक स्त्रिया कुटुंबाच्या शेतीत वा व्यवसायात ‘विनावेतन मदतनीस’ होत्या. म्हणजे त्या राबतात, उत्पन्नात भर घालतात, पण त्यांच्या हाती पगार पडत नाही. खर्चातला त्यांचा वाटा कोणत्याही तक्त्यात दाखवता येणार नाही, कारण उत्पन्नातला वाटाच कुठे नोंदलेला नसतो.

दुसरे सर्वेक्षण वेळेच्या वापराचे. २०१९ मध्ये घरकाम करणाऱ्या स्त्रीचे दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे त्यात जात होती. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची ९७ मिनिटे. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत स्त्रीची दहा मिनिटे वाचली, पण ती पुरुषाने उचलली म्हणून नव्हे. त्याचीही नऊ मिनिटे कमीच झाली. शिवाय हे आकडे फक्त घरकाम करणाऱ्यांपुरते आहेत आणि २०१९ मध्ये अशा पुरुषांचे प्रमाण जेमतेम २६ टक्के होते. स्त्रियांचे ८१ टक्के.

हे दोन्ही आकडे शेजारी ठेवले की खर्चाच्या निम्म्या-निम्म्या वाटणीचे खरे रूप दिसते. स्त्री पैशाचा भार उचलू लागली आहे; वेळेचा भार मात्र तिच्याकडेच राहिला आहे. वेळेच्या भारामुळे ती बढती नाकारते, बदली टाळते, मूल लहान असताना काही वर्षे नोकरी सोडते. त्याच वर्षांत पतीचा पगार वाढतो आणि बँक गृहकर्जासाठी त्याच्याकडे पाहू लागते. घर त्याच्या नावावर होण्यामागे दरवेळी दुष्ट हेतू असतो असे नाही. अनेकदा ते केवळ व्यवहाराला सोयीचे असते. पण या सोयीची किंमत एकाच बाजूला मोजली जाते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) स्वत: वापरत असलेले बँक खाते ७८.६ टक्के स्त्रियांकडे होते. चौथ्या फेरीत हे प्रमाण ५३ टक्के होते. जनधन योजना आणि थेट लाभ हस्तांतरणाचा हा परिणाम उघड आहे. त्याच काळात एकटीच्या वा संयुक्त नावावर घर किंवा जमीन असलेल्या स्त्रियांचे प्रमाण ३८.४ टक्क्यांवरून ४३.३ टक्क्यांवर गेले. पैसा स्त्रीच्या खात्यातून वाहू लागला. तो जिथे साचतो तिथे तिचे नाव त्या वेगाने गेले नाही.

गावांमध्ये तर याला आणखी एक पदर आहे. बचत गटांची आणि सूक्ष्म वित्तसंस्थांची कर्जे प्रामुख्याने स्त्रियांच्या नावे दिली जातात, कारण त्यांच्याकडून परतफेड नियमित होते असा या संस्थांचा अनुभव आहे. त्या पैशातून घेतलेली दुचाकी, बसवलेला पंप किंवा वाढवलेली खोली बहुधा पुरुषाच्या नावे असते. कर्ज तिचे, मालमत्ता त्याची, अशी ही विभागणी असते.

नावावर ज्याच्या, त्याचे

भारतात विवाहाचे कायदे धर्मागणिक वेगळे असले, तरी एका मुद्द्यावर त्यांचे एकमत आहे. विवाह हिंदू विवाह कायद्याने होवो, विशेष विवाह कायद्याने होवो किंवा मुस्लीम, ख्रिस्ती वा पारशी कायद्याने. पती-पत्नींची मालमत्ता स्वतंत्र राहते. ज्याच्या नावावर, त्याची. स्त्रीधनाला कायद्याचे भक्कम संरक्षण आहे. ते सर्वस्वी पत्नीचे असते आणि पतीकडे दिले तरी तो केवळ विश्वस्त असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये सांगितले. ते संयुक्त मालमत्ता होत नाही, याचा पुनरुच्चार एप्रिल २०२४ मध्ये केला. पण स्त्रीधन म्हणजे प्रामुख्याने विवाहाच्या सुमारास आणि माहेर-सासरकडून जे मिळाले ते. विवाहानंतर दोघांनी मिळून जे उभे केले, त्याला असे कोणतेही नाव आपल्या कायद्यात नाही.

स्वतंत्र मालमत्तेचे तत्त्व वरवर समतेचे वाटते, आणि एका अर्थी ते आहेही. पत्नीची कमाई पतीच्या मालकीची नाही, हे मान्य व्हायलाही जगात बराच काळ जावा लागला. पण हे तत्त्व न्याय्य ठरण्यासाठी दोघांना मालमत्ता मिळवण्याची संधी सारखी हवी. ती नसेल, तर तटस्थ कायदा प्रत्यक्षात तटस्थ राहत नाही.

केवळ नाव लावल्यानेही प्रश्न सुटतो असे नाही. बेनामी व्यवहारांविषयीच्या कायद्यात, ज्ञात उत्पन्नातून पती वा पत्नीच्या नावे घेतलेली मालमत्ता बेनामी मानली जात नाही. ही तरतूद व्यवहार्य आहे. पण तिच्यामुळे ‘पैसे कोणी दिले’ हा प्रश्न नाव असूनही जिवंत राहतो. आणि पैसे दिल्याचा पुरावा म्हणजे बँकेचा उतारा. हप्त्याची नोंद वीस वर्षांनीही सापडते. किराणा दुकानाची पावती त्याच संध्याकाळी कचऱ्यात जाते.

गृहकर्जातही अशीच एक फट आहे. कर्जाची रक्कम वाढावी म्हणून पत्नीचे उत्पन्न जमेस धरले जाते आणि तिला सहकर्जदार केले जाते. अनेक जोडप्यांना वाटते की त्यामुळे ती सहमालकही झाली. तसे होत नाही. सहकर्जदार म्हणजे हप्ते थकले तर जबाबदार; मालकी ठरते ती खरेदीखतावरील नावाने. घराच्या कर्जाची जबाबदारी आहे पण घर नाही, अशी स्थिती त्यातून कायदेशीररीत्या उद्भवू शकते.

आणि स्त्रीने स्वत:च्या कमाईतून स्वत:च्या नावे काही उभे केले तरी? १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातील कलम १५ नुसार मृत्युपत्र न करता निधन पावलेल्या स्त्रीची स्वकष्टार्जित मालमत्ता प्रथम मुले व पती यांच्याकडे जाते. ते नसतील तर पतीच्या वारसांकडे, आणि त्यानंतरच तिच्या आईवडिलांकडे. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात विधवा झाल्यावर सासरहून घालवून दिलेल्या, माहेरच्या आधाराने शिकून नोकरीला लागलेल्या स्त्रीची कमाई याच कलमान्वये सासरच्या नातलगांना मिळाली, तिच्या आईला नाही. न्यायालयाने सहानुभूती आणि कायदा या वेगळ्या गोष्टी असल्याचे सांगितले. संसदेने ते कलम आजही बदललेले नाही.

गोव्याच्या उदाहरणातील राहून गेलेला भाग

देशात एकाच राज्याने याहून वेगळा मार्ग जपला आहे. पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता १८७० मध्ये गोव्यात लागू झाली आणि तिच्या कुटुंबविषयक तरतुदी १९६१ नंतरही कायम राहिल्या. विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर पती-पत्नींची मालमत्ता समाईक होते. प्रत्येकाचा वाटा निम्मा. दुसऱ्याच्या संमतीविना स्थावर मालमत्ता विकता येत नाही. भारताच्या प्राप्तिकर कायद्यानेही हे वास्तव मान्य केले आहे. या संहितेखालील दाम्पत्यांचे वेतनाव्यतिरिक्तचे उत्पन्न निम्मे-निम्मे वाटून दोघांच्या नावे आकारले जाते.

गोव्याची व्यवस्था आदर्श आहे असे मी म्हणणार नाही. समाईक मालमत्तेचे व्यवस्थापन पतीकडे सोपवणारी जुनी धारणा त्या संहितेत आहे, आणि कागदावरचा निम्मा वाटा प्रत्यक्षात मागण्याचे बळ प्रत्येक स्त्रीकडे असतेच असे नाही. तरीही मूळ गृहीतक महत्त्वाचे आहे. विवाहानंतरचा संसार हा दोघांचा समाईक उद्योग आहे, असे ते मानते. सहमती नसेल तर वेगळे व्हावे. काहीच ठरवले नसेल तर समाईकता गृहीत. उर्वरित भारतात याच्या नेमके उलट आहे. काहीच ठरवले नसेल तर ज्याच्या नावावर, त्याचे.

समान नागरी कायद्याच्या वादात गोव्याचा दाखला हमखास दिला जातो. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या राज्याचा गौरवपूर्ण उल्लेख केला. मात्र बहुपत्नीत्व आणि तलाक यांवर रंगणाऱ्या चर्चेत मालमत्तेच्या समाईकतेविषयी क्वचितच कोणी बोलते. त्याचे कारण मला असे दिसते की, विवाहाच्या इतर नियमांची झळ ‘त्यांना’ लागेल असे बहुसंख्याकांना वाटते. मालमत्तेचा नियम मात्र आपल्या प्रत्येकाच्या घरात शिरेल.

न्यायालये पुढे, संसद मागे

या पोकळीत न्यायालये आपापल्या परीने वाट काढत आहेत. जानेवारी २०२१ मध्ये मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या श्रमाचे मूल्य धरलेच पाहिजे असे सांगितले. न्या. एन. व्ही. रमणा यांनी आपल्या निकालपत्रात २०११ च्या जनगणनेचा आधार घेतला. घरकाम हाच मुख्य व्यवसाय असल्याचे सांगणाऱ्या स्त्रिया होत्या सुमारे १६ कोटी आणि पुरुष सुमारे ५८ लाख. जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. पती आखातात नोकरीला, पत्नी तमिळनाडूत घर आणि मुले सांभाळते. त्याने पाठवलेल्या पैशातून मालमत्ता घेतली गेली. पत्नीच्या गृहव्यवस्थापनामुळेच पतीला कमावता आले, म्हणून त्या मालमत्तेत तिचा समान वाटा आहे, असे न्यायालयाने म्हटले. जुलै २०२४ मध्ये न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी पोटगीच्या एका प्रकरणात, भारतीय पतींनी गृहिणी असलेल्या पत्नीला संयुक्त खाते, एटीएम कार्ड अशा मार्गांनी कुटुंबाच्या पैशापर्यंत पोहोच द्यावी, असे आवर्जून नमूद केले.

हे निकाल मोलाचे आहेत, पण ते धोरणाची जागा घेऊ शकत नाहीत. अपघातात गृहिणीचा मृत्यू झाल्यावर तिच्या श्रमाची किंमत ठरते. ती जिवंत असताना घटस्फोट झाला, तर तिला मिळते ती पोटगी. पोटगी ही गरजेवर ठरते, योगदानावर नव्हे. ती मागणाऱ्याला आपण असहाय असल्याचे सिद्ध करावे लागते आणि देणाऱ्याला उत्पन्न लपवण्याचा मोह होतो. म्हणूनच २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला दोन्ही पक्षांनी मालमत्ता व दायित्वांचे प्रतिज्ञापत्र द्यावे असे बंधन घालावे लागले.

संसदेने प्रयत्न केला नाही असे नाही. विवाह कायदे (दुरुस्ती) विधेयक ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेने संमत केले. विवाह सावरण्यापलीकडे मोडल्याच्या कारणावरून घटस्फोट देताना पतीच्या स्थावर मालमत्तेतून पत्नीला भरपाई देण्याची तरतूद त्यात होती. लोकसभेत ते पुढे सरकले नाही आणि २०१४ मध्ये सभागृहाच्या विसर्जनाबरोबर बारगळले. ऑगस्ट २०१८ मध्ये विधि आयोगाने कौटुंबिक कायद्यातील सुधारणांवरील चर्चापत्रात, विवाहानंतर मिळवलेली मालमत्ता दाम्पत्याची मानावी अशी सूचना केली. त्या सूचनेवर कायदा झालेला नाही.

आक्षेपांची दखल

या मांडणीला पुरुषांच्या बाजूने जो आक्षेप घेतला जातो, तो मी थट्टेवारी नेणार नाही. ‘तिचा पैसा तिचा आणि माझा पैसा घराचा’ असे अनेक तरुण बोलून दाखवतात. पत्नी चांगली कमावत असली तरी हप्ता, आईवडिलांचे आजारपण, बहिणीचे लग्न यांचा भार आपल्यावरच असतो आणि नोकरी गेली तर ‘कर्ता पुरुष’ म्हणून आपलीच मान खाली जाते, ही त्यांची व्यथा खरी आहे. कायदाही त्यांच्याकडे प्रथम पोषणकर्ता म्हणूनच पाहतो. हिंदू विवाह कायद्यात पतीलाही निर्वाहखर्च मागता येतो, पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली पत्नीच्या पोषणाचे कर्तव्य पतीवरच आहे.

समाईक मालमत्तेचे तत्त्व या पुरुषांच्याही हिताचे आहे, असे मला वाटते. मालकी समाईक असेल तर जबाबदारीही समाईक मागता येते. अनिश्चित आणि आयुष्यभर चालणाऱ्या पोटगीऐवजी हिशेबात बसणारा वाटा मिळणार असेल, तर खटले लवकर संपतील. आणि जिथे पत्नी अधिक कमावते व पती घर सांभाळतो, तिथे तोच नियम पतीचे रक्षण करील. म्हणून हा कायदा लिंगनिरपेक्ष शब्दांत लिहायला हवा.

दुसरा आक्षेप अधिक तांत्रिक आहे. मालमत्ता समाईक झाली तर कर्जेही समाईक होतील आणि पतीच्या धंद्यातील वा जुगारातील देणे पत्नीच्या माथी येईल. ही भीती रास्त आहे. म्हणून समाईकता विवाहानंतर मिळवलेल्या मालमत्तेपुरती असावी. वारशाने, बक्षिसाने किंवा विवाहापूर्वी मिळालेले त्यातून वगळावे. आणि एकाने दुसऱ्याच्या लेखी संमतीविना काढलेले, कुटुंबासाठी न वापरलेले कर्ज ज्याचे त्याच्यावर राहावे. ज्यांना ही व्यवस्था नको असेल त्यांनी नोंदणीकृत कराराने बाहेर पडावे.

तिसरा आक्षेप असा की, घरात कायदा आणला तर विश्वास उरणार नाही. यावर उत्तर म्हणून केरळमधील एका अभ्यासाकडे पाहावे. प्रदीप पांडा आणि बीना अग्रवाल यांनी तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेला हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या विवाहित स्त्रियांच्या नावे ना घर होते ना जमीन, त्यांच्यापैकी ४९ टक्के स्त्रियांनी शारीरिक हिंसा सोसली होती. केवळ जमीन असलेल्यांत हे प्रमाण १८ टक्के, केवळ घर असलेल्यांत १० टक्के आणि दोन्ही असलेल्यांत ७ टक्के होते. जिला जाण्यासाठी स्वत:चे दार आहे, तिच्यावर हात उगारण्यापूर्वी विचार केला जातो. मालकीने विश्वास ढळत नाही. तो पेलण्याची ताकद दोघांनाही मिळते.

काय करता येईल

केंद्रीय कायदा होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. काही गोष्टी राज्ये करीतच आहेत. दिल्लीत स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्क पुरुषांच्या तुलनेत दोन टक्के कमी आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये एक टक्क्याची सवलत दिली. पत्नीला राहते घर बक्षीस देण्यासाठी तिथे अवघे २०० रुपये मुद्रांक शुल्क आहे. पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची शेतकरी संघटनेची ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहीम तर तीन दशकांपूर्वीची. पुरुष स्थलांतर करून गेल्याने मागे राहिलेल्या स्त्रियांना कर्ज मिळेना, म्हणून उत्तराखंडने २०२१ मध्ये पतीच्या वडिलोपार्जित जमिनीत पत्नीला सहखातेदार करण्याची तरतूद आणली. पंतप्रधान आवास योजनेतील घर स्त्रीच्या किंवा दोघांच्या नावे असण्यावर भर आहे. गरिबांच्या घरासाठी जी अट सरकारने घातली, ती मध्यमवर्गाच्या घराला लावायला मात्र कचरते.

उलट प्राप्तिकराचे नियम दुसऱ्याच दिशेने ओढतात. पतीने मोबदल्याविना पत्नीला मालमत्ता दिली, तर तिचे उत्पन्न पतीच्याच उत्पन्नात मिळवले जाते. करचुकवेगिरी रोखण्यासाठी हा नियम हवा, हे मान्य; पण ज्या घरात दोघे राहतात त्याचा निम्मा वाटा देण्याकडेही तो संशयाने पाहतो. जुन्या करप्रणालीत दोघे सहमालक व सहकर्जदार असतील तर व्याजाची वजावट दोघांनाही स्वतंत्रपणे मिळे, आणि त्यामुळे का होईना पगारदार कुटुंबांत खरेदीखतावर पत्नीचे नाव लागे. नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या कर्जावरील व्याजाची वजावटच नाही. ती प्रणाली सुटसुटीत आहे, पण तिने संयुक्त मालकीचे हे प्रोत्साहन काढून घेतले, याची फारशी चर्चा झाली नाही. संयुक्त नावे असलेल्या पहिल्या घरापुरती तरी ही सवलत परत आणावी.

रिझर्व्ह बँकेने एक साधा नियम करावा. ज्याचे उत्पन्न गृहकर्जासाठी जमेस धरले, त्याला मालकी मिळते आहे की नाही हे बँकेने लेखी सांगावे आणि त्याची स्वाक्षरी घ्यावी. हिंदू उत्तराधिकार कायद्याचे कलम १५ बदलण्यास तर विवाहसंस्थेच्या पुनर्रचनेची गरजच नाही. त्याला एक दुरुस्ती विधेयक पुरे आहे. आणि कर्ज व गुंतवणुकीच्या राष्ट्रीय सर्वेक्षणाने कुटुंब हाच एकक न धरता, मालमत्ता कुटुंबातील कोणाच्या नावे आहे हेही विचारावे.

स्त्रियांच्या खात्यावर दरमहा काही रक्कम जमा करण्याच्या योजना आता बंगालपासून महाराष्ट्रापर्यंत अनेक राज्यांत आहेत. तमिळनाडूने तिला ‘हक्काची रक्कम’ असे नाव दिले, ते मला आवडले. पण सरकार तिजोरीतून देते ते हजार-दोन हजार रुपये. आणि स्वत:च्या घरात तिचा जो हक्क आहे, तो देण्यासाठी सरकारला एक रुपयाही खर्च करावा लागत नाही. ते अधिक अवघड आहे, कारण त्यासाठी आपल्यासारख्या लाखो पुरुषांच्या कागदपत्रांना हात लावावा लागतो.

मुलीला मी अखेर उत्तर पाठवले. तिच्या तक्त्यात बाब, रक्कम आणि ‘कोण देणार’ असे तीन रकाने होते. ‘यातून शेवटी काय उरणार आणि ते कोणाच्या नावावर’ असा चौथा रकाना मी जोडला आणि तो रिकामा ठेवला. दोन दिवसांनी तिचा निरोप आला. त्या दोघांची पहिली खरी वादावादी झाली होती. मग दोघांनी साठ-चाळीसचे प्रमाण कायम ठेवून प्रत्येक बाब त्याच प्रमाणात वाटायची ठरवली, हप्ताही आणि किराणाही. खरेदीखतावर तिचे नाव लावण्यासाठी ते बँकेकडे विचारणा करीत आहेत.

आमच्या दिल्लीच्या घराच्या निम्म्या वाट्याचे बक्षीसपत्र मी करायला दिले आहे. वकिलांनी शुल्काचा आणि कराचा हिशेब मांडून, ‘मृत्युपत्रात लिहून ठेवले तरी भागेल, त्याला खर्च नाही,’ असे सुचवले. पत्नीने ते ऐकून घेतले आणि विचारले, ‘म्हणजे माझ्या घराची मालक व्हायला मी यांच्या मरणाची वाट पाहायची?’ त्यावर वकिलांनी मसुदा काढायला सांगितला.